काकांची कार्बोनेक्स

माझ्याकडे बॅडमिंटनच्या तीन रॅकेट्स आहेत. खरं तर चार, पण चौथीचं घरी अजून सांगितलेलं नाही. हैदराबादच्या ज्या हॉलमध्ये आम्ही सात-आठ जण मंगळवारी आणि गुरुवारी रात्री खेळतो, तिथे हा आकडा काही मोठा नव्हे. सगळे सॉफ्टवेअरवाले. खेळतो दीड तास, आणि नंतर चहाच्या टपरीवर उभं राहून तेवढाच वेळ रॅकेट्सवर बोलतो. कोणती डोक्याकडे जड, कोणाचा दांडा कडक, कोणी किती पाउंडाचं गटिंग केलं. आमच्यापैकी एकाचाही बॅकहँड धड नाही, पण त्यावर कोणी बोलत नाही.

यंदा वसंत पंचमीला लेकीच्या अक्षराभ्यासासाठी बासरला गेलो. तुमच्यापैकी अनेकांची अक्षरं तिथेच गिरवून झाली असतील, त्यामुळे त्या दिवशीच्या गर्दीचं वर्णन करत नाही. आमचं जुनं घर तिथेच आहे. २०१६ मध्ये आदिलाबादमधून निर्मल हा वेगळा जिल्हा झाला आणि बासर त्यात गेलं, पण काका अजून पत्त्यात आदिलाबादच लिहितात आणि पत्र पोचतंही. काका रेल्वेत होते. निजामाबाद ते नांदेड या पट्ट्यात जिथे जिथे बदली झाली, तिथे मैदानात चुन्याच्या रेघा मारून, दोन बांबू रोवून त्यांनी बॅडमिंटनचं कोर्ट उभं केलं. मराठी, तेलुगू, उर्दू बोलणारी शेकडो पोरं त्यांच्या हाताखाली खेळली. त्यातला मी बहुधा सगळ्यात कच्चा.

माझ्या बॅगेतली रॅकेट त्यांनी काढून बघितली, तार अंगठ्याने दाबली, आणि म्हणाले, "लई कडक केलास रे. किती पाउंड?"

"सव्वीस."

"मनगट हाय का तेवढं?"

मी काही बोललो नाही. काका आत गेले आणि कपाटावरून एक जुनी कापडी पिशवी घेऊन आले. पिशवीत दोन रॅकेट्स. एक लाकडी, चार स्क्रूंच्या लाकडी प्रेसमध्ये आवळलेली. पावसाळ्यात लाकूड वाकू नये म्हणून पूर्वी रॅकेट अशी ठेवत. दुसरी काळी, दांड्यावर सोनेरी पट्टा, आणि त्यावर योनेक्सची अक्षरं. मॉडेलचं नाव 'कार्बोनेक्स' एवढंच वाचता येत होतं, पुढचा आकडा घासून गेला होता. १९८६ मध्ये आखातातून येणाऱ्या एका मित्राकडून त्यांनी ती मागवली होती आणि तिच्यात त्यांचा दीड महिन्याचा पगार गेला होता. काकू ते अजून विसरलेल्या नाहीत.

"ही घेऊन जा. महिनाभर खेळ. अन् कशी वाटली ते खरं सांग. माझ्या तोंडाकडं बघून सांगू नको."

काकांचा उजवा खांदा तीन वर्षांपासून आखडलाय, हात कानाच्या वर जात नाही. ती रॅकेट ते स्वतः आता खेळवू शकत नव्हते. तेव्हा हा प्रश्न वाटला तेवढा साधा नव्हता, हे मला परतीच्या गाडीत बसल्यावर कळलं.

आधी या रॅकेटचं कूळ सांगतो. सांगलीचे नंदू नाटेकर १९५६ मध्ये क्वालालंपूरची सेलांगोर स्पर्धा जिंकले. परदेशातली स्पर्धा जिंकणारे ते पहिले भारतीय बॅडमिंटनपटू, आणि १९६१ मध्ये अर्जुन पुरस्कार सुरू झाला तेव्हाचे मानकरी. त्या काळी रॅकेटचं डोकं लाकडाचंच असायचं. मग पोलाद आणि ॲल्युमिनियम आलं. योनेक्स कंपनीचीही कथा लाकडापासूनच सुरू होते. मिनोरू योनेयामा यांनी १९४६ मध्ये जपानच्या निगाता भागात धंदा काढला, तो मासेमारीच्या जाळ्यांना लागणाऱ्या लाकडी तरंगांचा. प्लास्टिकचे तरंग आले आणि धंदा बसला. १९५७ पासून ते रॅकेट बनवू लागले, आधी दुसऱ्यांच्या नावाने, मग स्वतःच्या. १९६९ मध्ये ॲल्युमिनियमची आणि १९७८ मध्ये कार्बोनेक्स ८. एकदा लाकडाने दगा दिलेला माणूस पुढच्या प्रत्येक नव्या पदार्थाकडे डोळे लावून बसला असणार, असं आपलं मला वाटतं.

कार्बोनेक्स हे नाव कंपनीने नंतरही बऱ्याच रॅकेट्सना दिलं, पण काकांच्या पिढीची ती रॅकेट बंद होऊन जमाना झाला. ती नव्या रॅकेटहून वेगळी दिसते ती डोक्याच्या आकारामुळे. जुनं डोकं अंड्यासारखं लांबट गोल. आताच्या रॅकेटच्या डोक्याला वरच्या बाजूला किंचित खांदे असतात, चौकोनाकडे झुकलेले. योनेक्सने हा 'आयसोमेट्रिक' आकार बॅडमिंटनमध्ये १९९२ साली आणला. कारण सोपं आहे. गोल डोक्यात कडेच्या तारा फार आखूड पडतात, आणि आखूड तार कमी लवते, म्हणून तिथे फूल लागलं की मेल्यासारखं पडतं. खांदे चौकोनी केले की कडेच्या तारा लांब होतात आणि नीट लागणारी जागा, म्हणजे स्वीट स्पॉट, ऐसपैस होते.

परतण्याआधी बाजारातल्या एका सोनाराकडे दोन्ही रॅकेट्स वजनाला नेल्या. काकांची ओळख होती. ग्रॅमचे दशांश दाखवणारा काटा आणखी कुठे मिळणार? त्याने काळी रॅकेट तागडीवर ठेवली आणि गंभीर चेहऱ्याने विचारलं, "मोडायची का?" काकांची ग्रिप-तारेसकट ९८.४ ग्रॅम भरली, माझी ९१.२. हल्ली रॅकेटवर ४यू असं लिहिलेलं असतं, त्याचा अर्थ तार न लावता ८० ते ८४ ग्रॅम. लांबी मोजली तर काकांची ६६५ मिलिमीटर, माझी ६७५. नियमात ६८० पर्यंत चालते. एक सेंटिमीटरने काय होतं असं वाटेल. नेटजवळ पडणाऱ्या फुलासाठी झेपावून बघा, मग कळेल.

दुसऱ्या दिवशी पहाटे सहाला पुतण्याला उठवून कोर्टवर नेलं. बासरला उघड्यावर खेळायचं तर सूर्य वर यायच्या आत. नंतर गोदावरीकडून वारा सुटतो आणि फूल हवेत आपल्याच मर्जीने फिरतं. काका खुर्ची टाकून बसले. जुनी तार सैल होती, किती पाउंडाची उरली होती देव जाणे. पहिली दहा मिनिटं मी फुलाऐवजी फ्रेमच मारत होतो. टक, टक, टक. पुतण्या इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला आहे, त्याला हसू आवरेना. काका हसले नाहीत. "फूल बघ," एवढंच म्हणाले. वीसेक वर्षांपूर्वीही ते दुसरं काही म्हणायचे नाहीत.

हैदराबादला आल्यावर गटिंगवाल्याकडे गेलो. त्याने फ्रेम दिव्याखाली फिरवून बघितली, भोकांतल्या प्लास्टिकच्या नळ्या नखाने दाबल्या तर दोन तिथेच तुटल्या. त्या सगळ्या बदलाव्या लागल्या, नाहीतर कार्बनची धार तार कापते. मग म्हणाला, "सर, उन्नीस-बीस तक ठीक है. उससे ऊपर मेरी जिम्मेदारी नहीं." काकांनीही निघताना अठरा-एकोणीसच सांगितलं होतं. एकोणीस केलं.

तीन आठवडे तिच्याशिवाय दुसरी रॅकेट हातात घेतली नाही. फोनवर नोंदी ठेवल्या, सवयच तशी. त्यातलं महत्त्वाचं सांगतो.

मागच्या रेषेपर्यंत जाणारा उंच फटका, म्हणजे क्लिअर, हिच्याने सोपा जातो. मला आधी पटलंच नाही. पण तार सैल असली की फूल जाळीत किंचित रुततं आणि उसळून निघतं, ताकद कमी लावावी लागते. सव्वीस पाउंडाला ही उसळी मनगटाने स्वतः पुरवावी लागते, आणि काकांचा प्रश्न नेमका तोच होता. शिवाय दांडा लवचिक आहे. हात सावकाश, पूर्ण फिरवला की तो मागे वाकतो आणि बरोबर क्षणी सरळ होतो. घाईने मारलं तर डोकं मागेच राहतं आणि फूल नेटमध्ये. म्हणजे घाई केली की लगेच कळतं.

नेटजवळचा ड्रॉप तर या रॅकेटचाच. फूल तारेवर क्षणभर थांबल्यासारखं वाटतं. १९८० साली प्रकाश पदुकोण यांनी अंतिम सामन्यात लिम स्वी किंगला १५-३, १५-१० असं हरवून ऑल इंग्लंड जिंकली, ती ताकदीपेक्षा हुलकावणीवर आणि हाताच्या नजाकतीवर. त्या बातमीचं कात्रण काकांच्या ट्रंकेत आहे. लहानपणी मला ते कात्रण म्हणजे नुसतं पिवळं कागद वाटायचं. या तीन आठवड्यांत पहिल्यांदा वाटलं की तसा खेळ म्हणजे काय असेल त्याचा वास तरी आला.

आता दुसरी बाजू. स्मॅशमध्ये ही रॅकेट मार खाते. अमलापुरमचा सात्विकसाईराज रंकिरेड्डी याच्या स्मॅशची २०२३ मध्ये जपानमधल्या योनेक्सच्या कारखान्यात ताशी ५६५ किलोमीटर अशी गिनीज नोंद झाली. हा वेग फूल तारेवरून सुटतानाचा. सोळा पिसांचं, पाच ग्रॅमच्या आसपासचं ते फूल समोरच्यापर्यंत पोचेस्तोवर हवा त्याचा बराचसा वेग खाऊन टाकते. (आपली गोदावरी बासरवरून वाहत शेवटी ज्या मुलखात समुद्राला मिळते, तो सात्विकचा मुलूख. एवढ्याशा धाग्यावर काका त्याला 'आपल्या नदीचा पोरगा' म्हणतात.) माझ्या स्मॅशचा आकडा सांगण्यासारखा नाही, पण फोनच्या स्लो मोशनमध्ये फ्रेम मोजल्या, तर दोन रॅकेट्समधला फरक दिसत होता आणि तो नव्या रॅकेटच्या बाजूनेच होता.

डबल्समध्ये तर पारच हाल. समोरून अंगावर सपाट फटके येत असताना हात फिरवायला वेळ नसतो, मनगटाचा नुसता झटका. तिथे लवचिक दांडा मागे राहतो आणि छोटा स्वीट स्पॉट हुकतो. २००६ पासून प्रत्येक रॅलीला गुण अशी २१ गुणांची पद्धत आली. त्याआधी सर्व्हिस आपली असेल तरच गुण मिळायचा, एखादी चूक पचायची. ही रॅकेट त्या खेळासाठी बनलेली आहे. तीन आठवड्यांत डबल्सचे नऊ गेम खेळलो, सात हरलो. माझा जोडीदार सज्जन आहे, पण चौथ्या गेमनंतर तोही म्हणाला, "ते म्युझियम घरी ठेवून ये ना राव."

इथे थांबलो असतो तर काकांना द्यायला चांगला, खरा निकाल तयार होता. पण मला वाटलं, तुलना बरोबरीची नाही. एक रॅकेट एकोणिसावर, दुसरी सव्वीसवर. एका वेळी एकच गोष्ट बदलायची हे आमच्या कामातलं पहिलं तत्त्व. निदान चोवीसवर तरी बघावं. गटिंगवाल्याने पुन्हा तेच सांगितलं. मी म्हटलं, करा, जबाबदारी माझी.

हिशोब नंतर केला, आधी करायला हवा होता. उभ्या तारा बावीस. एकोणीस पाउंडाला त्या बावीस तारा मिळून फ्रेमला ४१८ पाउंडांनी, म्हणजे सुमारे १९० किलोंनी आत ओढत असतात. चोवीसला ५२८ पाउंड, सुमारे २४० किलो. आडव्या तारा वेगळ्याच. पाच पाउंड ऐकायला किरकोळ वाटतात. मी त्या जवळपास चाळीस वर्षांच्या फ्रेमवर आणखी पन्नास किलोचं पोतं ठेवलं होतं.

मशीनवर ती टिकली. पहिल्या दिवशी झकास खेळलीही, थोडी बोथट, पण नेमकी. दुसऱ्या दिवशी १८-१८ वर असताना एक फूल फ्रेमजवळ लागलं आणि तार तुटली. अशा वेळी काय करायचं ते मला दहा वर्षांचा असल्यापासून माहीत आहे. तार तुटली की उरलेल्या सगळ्या ताबडतोब कापायच्या, नाहीतर ओढ एका बाजूला जाते आणि फ्रेम वेडीवाकडी होते. काकांच्या किटमध्ये त्यासाठी एक छोटी कात्री कायम असायची. माझ्याकडे कात्री नव्हती आणि गेम १८-१८ होता. रॅकेट बाकावर टाकली, बॅगेतली दुसरी काढली. गेम जिंकलो. नंतर चहा, गप्पा. रॅकेट तशीच बॅगेत, बॅग गाडीत.

सकाळी काढली तेव्हा घड्याळात दहा असतात त्या जागी फ्रेम आत दबली होती. रंगाला तडा, आणि तड्यातून कार्बनचे काळे धागे बाहेर आलेले. बोट लावलं तर टोचलं.

फोनवर सांगायचं धाडस झालं नाही. पाडव्याला जाऊ तेव्हा सांगू, असं ठरवून दोन आठवडे काकांचे फोन उडवत राहिलो. तेही 'कशी खेळते रे' असं विचारायचे आणि मी 'मस्त, काका' म्हणायचो.

पाडव्याला गेलो. आमच्याकडे एकाच दिवशी गुढीही असते आणि शेजारून उगादीची पच्चडीही येते. जेवणं झाल्यावर काका ओसरीवर आडवे झाले, तेव्हा रॅकेट त्यांच्यापुढे ठेवली आणि सगळं सांगितलं. एकोणीस, चोवीस, १८-१८, सगळं.

त्यांनी चष्मा लावला. तड्यावरून अंगठा फिरवला. बराच वेळ.

"इथंच जाणार होती," ते म्हणाले.

"म्हणजे?"

"ब्याण्णवला जोडीदाराची रॅकेट लागली होती हिथं. केसाएवढा तडा. मी काळं एनॅमल लावून झाकलं होतं. म्हणून तर तुला अठरा-एकोणीस बोललो."

"काका, मग हे आधी का नाही सांगितलं?"

"सांगितलं असतं तर खेळला असतास का? शोकेसमधी ठेवला असतास." मग जरा थांबून, "अन् कात्री का नव्हती जवळ?"

याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. तडा त्यांचा होता, पण कात्रीचं त्यांनी दोनदा विचारलं.

मग उठून बसले. "ते जाऊ दे. खेळायला कशी होती, ते बोल. खरं."

मी खरं सांगितलं. की एकट्याने खेळायचं असेल, शिकायचं असेल, तर मला आजवर मिळालेली ती सगळ्यात चांगली रॅकेट होती. की डबल्सला मी ती पुन्हा घेतली नसती. की स्मॅश नव्या रॅकेटचाच चांगला, त्यात वाद नाही. की ड्रॉप मारताना दोन-तीनदा ते कात्रण आठवलं.

काका मान हलवत होते. डबल्सचं ऐकून म्हणाले, "हां. तवाबी डबल्सला नव्हतीच चांगली. मी कुणाला बोललो नाही. दीड महिन्याचा पगार गेलता." आतून काकूंचा आवाज आला, "मला माहीत होतं." बत्तीस पाउंडाच्या तारेसारखा.

संध्याकाळी ऊन उतरल्यावर कोर्टवर गेलो. वारा होताच. काकांनी माझी रॅकेट मागून घेतली. या वेळी मी मुद्दाम चौथी नेली होती, आणि तिचं गटिंग वीसवर करून आणलं होतं. त्यांनी खांद्याच्या खालूनच, सर्व्हिससारखे सात-आठ फटके मारले. पुतण्या परत पाठवत होता. एक फूल अगदी कडेला लागलं, तरी नीट पलीकडे गेलं. काकांनी थांबून रॅकेट उलटीपालटी करून बघितली.

"चुकलं होतं की रे ते," ते म्हणाले. "तरी गेलं."

आणखी एक मारलं, मुद्दाम कडेला. तेही गेलं. तिसऱ्याला त्यांना हसू आलं. दहा-पंधरा मिनिटं ते कडेकडेलाच मारत होते, पोरासारखे, आणि दर वेळी फूल पलीकडे गेलं की माझ्याकडे बघत होते.

काकू आणि बायको लेकीला घेऊन तिथवर आल्या होत्या. काकांनी रॅकेट माझ्या हातात दिली आणि सगळ्यांसमोर विचारलं, "केवढ्याची रे ही?"

मी निम्मी किंमत सांगितली. तरी काकू म्हणाल्या, "अगं बाई," आणि माझ्या बायकोने विचारलं, "ही कोणती? ही तर घरी नाही बघितली."